आवळा घ्या, पण आधी भट्टीचा धूर थांबवा

वीर्य तपासणीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक पुरुष डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाण्याआधी मलाच विचारतात, "ताई, काय खाल्लं म्हणजे काउंट वाढेल?" कुणी पिशवीतून चूर्णाची डबी काढतो, कुणी मोबाइलवर आवळ्याच्या रसाची जाहिरात दाखवतो. मला हा प्रश्न मनापासून आवडतो. तोपर्यंत घरात बायकोच्या सोनोग्राफ्या झालेल्या असतात, तिचे उपास आणि नवस झालेले असतात, आणि हा माणूस पहिल्यांदाच स्वतःच्या शरीराबद्दल काही विचारत असतो. त्याला "काही उपयोग नाही" म्हणून परत पाठवणं मला जमत नाही. "घ्या, नैसर्गिकच आहे" असं म्हणणंही जमत नाही. खरं उत्तर खिडकीपाशी उभ्याउभ्या दोन मिनिटांत देण्यासारखं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये वीर्य तपासणीचं काम पाहते. आमच्याकडची, म्हणजे विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. दुष्काळी मुलूख. शेतीवर भागेना म्हणून कुणाचे आजोबा बाहेर पडले, मागून वडील गेले, आता नातू तिकडेच जन्मलाय. तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत गेलात तर जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणारा आमच्याकडचा माणूस भेटेल. दिवाळीला किंवा गावच्या यात्रेला ही मंडळी घरी येतात आणि त्या आठवड्यात आमच्याकडे गर्दी होते. लग्नाला तीन-चार वर्षं झालेली जोडपी, सोबत बऱ्याचदा सासूबाई.

फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात "बिझनेस" एवढंच लिहिलेलं असतं. मी मुद्दाम विचारते, "दादा, भट्टीवर तुम्ही स्वतः बसता की माणूस ठेवलाय?" "मीच बसतो" हे उत्तर मला काउंटच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

त्याचं कारण केडीएम. दागिन्याचे जोड बसवताना सोनार कॅडमियम हा विषारी धातू घातलेली डाक, म्हणजे सांधण्याचा मिश्रधातू, वापरत, त्यावरूनच केडीएम सोनं हे नाव पडलं. पुढे जस्ताचे पर्याय आले. पण आपल्या आया-मावश्यांच्या पाटल्या, बांगड्या, गंठण त्या काळातले आहेत आणि तेच आज मोडीत निघून मुशीत पडतायत. सोनं वितळतं 1064 अंश सेल्सियसला. कॅडमियम 767 अंशांना उकळतं. म्हणजे सोनं पातळ होण्याआधीच कॅडमियमची वाफ सुटायला लागते. खोली दहा बाय दहाची, सोन्याचा कण वाऱ्यावर जाऊ नये म्हणून पंखा बंद, आणि तोंडाला हातरुमाल. धातूच्या धुरातले कण इतके बारीक असतात की रुमाल त्यांना अडवूच शकत नाही. माणूस सिगारेट ओढणारा असेल तर त्यात आणखी भर, कारण तंबाखूचं पान मातीतलं कॅडमियम ओढून घेतं. एका सिगारेटमध्ये ते साधारण 1 ते 2 मायक्रोग्रॅम असतं. आणि एकदा शरीरात शिरलं की मूत्रपिंडात साठलेल्या कॅडमियमपैकी निम्मं कमी व्हायलाच 10 ते 30 वर्षं लागतात.

वृषणावर या धातूचा किती राग आहे हे 1956 सालीच कळलं होतं. प्रागमधल्या पारिझेक यांनी सहकाऱ्यासोबत उंदरांना कॅडमियमच्या क्षाराचा एकच छोटा डोस दिला आणि काही दिवसांत त्यांचे वृषण निकामी झालेले दिसले. बाकीच्या अवयवांवर तेवढा परिणाम नव्हता. वृषणातल्या बारीक रक्तवाहिन्या या धातूपुढे विशेष दुबळ्या असतात. पुढच्याच वर्षी पारिझेक यांनी दाखवलं की सोबत जस्त दिलं तर ही हानी टळते. 1960 साली लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतल्या कर आणि सहकाऱ्यांनी जस्त आणि सेलेनियम दोन्हींचा असा बचाव नोंदवला. विषाविरुद्ध काहीतरी देऊन वृषण वाचवता येतात, ही कल्पना या प्रयोगांपर्यंत मागे नेता येते. आज आवळा, हळद, शेवगा यांच्यावर जे शेकडो प्रयोग होतात ते त्याच वाटेवरचे आहेत.

आता शुक्राणूच एवढा का सोसतो? मायक्रोस्कोपखाली पाहताना मला त्याची खरोखर काळजी वाटते. लांबच्या वारीला निघालेल्या माणसाने अंगावरच्या कपड्यांखेरीज सगळं मागे ठेवावं, तसा तो तयार होताना पेशीतला जवळजवळ सगळा द्रव टाकून देतो. डोक्यात घट्ट गुंडाळलेला डीएनए, मानेशी ऊर्जा देणारी मायटोकाँड्रिया आणि शेपटी, एवढंच राहतं. जे टाकून दिलं त्यातच पेशीची झीज भरून काढणारी आणि मुक्त मूलकांना, म्हणजे पेशीला इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंना, निष्प्रभ करणारी बरीचशी विकरं (एन्झाइम) होती. त्यातून त्याचं आवरण ओमेगा-3 गटातल्या नाजूक मेदाम्लांनी भरलेलं. शेपटी लवचिक राहायला ती लागतात, पण ऑक्सिजनच्या तावडीत सर्वात आधी तीच सापडतात. 1943 साली मॅक्लिऑड या अमेरिकी संशोधकाने दाखवलं की जास्त ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या मानवी शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि कॅटलेज हे विकर घातलं तर ती टिकते. म्हणजे स्वतःचं संरक्षण त्याच्याकडे फारसं नाहीच. तो भोवतालच्या वीर्यद्रवावर अवलंबून असतो, आणि त्या द्रवात क जीवनसत्त्व रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं.

शिसं आणि कॅडमियम स्वतः मुक्त मूलकं तयार करत नाहीत. ते जास्त वाईट काम करतात. ग्लुटाथायोनसारख्या राखणदार रेणूंना चिकटून त्यांना निकामी करतात आणि जस्ताची जागा बळकावतात. शुक्राणूचा डीएनए ज्या प्रोटामाइन नावाच्या प्रथिनांभोवती आवळलेला असतो, त्या प्रथिनांनाही जस्त लागतं. तिथे शिसं जाऊन बसलं की गुंडाळी सैल होते. असे शुक्राणू पोहताना दिसतील, मोजणीत येतील, पण आतला मजकूर खराब झालेला असेल. नेहमीच्या रिपोर्टमध्ये हे दिसत नाही. त्यासाठी डीएनए फ्रॅगमेंटेशनची, म्हणजे डीएनए किती तुटलाय हे पाहणारी, वेगळी तपासणी असते.

शिशाचा विषय निघाला म्हणून बॅटरीवाल्यांबद्दलही सांगते. रोमानियातल्या बॅटरी कारखान्यातल्या कामगारांवरचा 1975 सालचा अभ्यास अजून उद्धृत होतो. ज्यांच्या शरीरात शिसं जास्त, त्यांच्या शुक्राणूंची संख्या कमी, हालचाल मंद, आकार बिघडलेला. आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावात इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या उघडणारी, प्लेटा वितळवणारी दुकानं आहेत. त्याच हाताने वडापाव खाल्ला जातो. रक्तातलं शिसं तपासता येतं, मोठ्या लॅब ती तपासणी करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार ते डेसीलिटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायला हवं.

मग वनस्पतींचं काय? कांद्यातलं क्वेर्सेटिन, हळदीतलं कर्क्युमिन, आवळ्यातले टॅनिन, द्राक्षाच्या बियांमधले घटक यांचे उंदरांवरचे निष्कर्ष मी खोटे मानत नाही. प्रयोगाचा साचा साधारण सारखाच असतो. एका गटाला कॅडमियम क्लोराइड किंवा लेड ॲसिटेट, दुसऱ्या गटाला तेच विष अधिक वनस्पतीचा अर्क. दुसऱ्या गटात मेदाच्या ऱ्हासातून बनणारं मॅलोनडायल्डिहाइड कमी निघतं, ग्लुटाथायोन टिकतं, शुक्राणू जास्त सापडतात. हे पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या देशांत आलं आहे, त्यात तथ्य आहे.

पण त्या साच्याकडे नीट बघा. उंदराला अर्क विषासोबतच, पुष्कळदा विषाच्या आधीपासून मिळतो. विष किती आणि किती दिवस हे प्रयोग करणारा ठरवतो आणि एका दिवशी ते थांबवतो. अर्कही वजनाच्या मानाने इतका असतो की माणसाने तेवढं रोज खाणं अवघड. आमच्या भट्टीवरच्या दादाला विष पंधरा वर्षं आधी मिळालेलं असतं, चूर्ण आता सुरू झालेलं असतं आणि सोमवारी तो परत भट्टीवर बसणार असतो. शिवाय उंदीरही सगळे सारखे नसतात. काही जातींच्या उंदरांचे वृषण कॅडमियमला दादच देत नाहीत, कारण त्यांच्या रक्तवाहिन्यांत धातूला आत घेणारं वाहक प्रथिन पुरेसं नसतं. उंदरावरून माणसावर उडी मारताना एवढं लक्षात ठेवायला हवं.

माणसांवरचे अभ्यास पाहिले तर चित्र संमिश्र आहे. मला सर्वात मोलाचा वाटतो तो कॅलिफोर्नियातला, ब्रूस एम्स यांच्या गटाचा 1991 चा. निरोगी पुरुषांच्या आहारातलं क जीवनसत्त्व 250 मिलिग्रॅमवरून रोज 5 मिलिग्रॅमवर आणलं, तर वीर्यातलं क जीवनसत्त्व निम्म्यावर आलं आणि शुक्राणूंच्या डीएनएवरची ऑक्सिडेशनची हानी जवळजवळ दुप्पट झाली. क जीवनसत्त्व पुन्हा वाढवल्यावर ती उतरली. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात अब्बास अली महदी यांच्या गटाने खाजकुयरी आणि अश्वगंधा यांवर केलेलं काम 2009 आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. वंध्यत्व असलेल्या पुरुषांना तीन महिने रोज 5 ग्रॅम चूर्ण दिलं, वीर्याचा दर्जा आणि अँटिऑक्सिडंटची पातळी दोन्ही सुधारली. 2012 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये तरुणांना 12 आठवडे रोज 75 ग्रॅम अक्रोड दिले, त्यांच्या शुक्राणूंची हालचाल आणि आकार सुधारला.

दुसरी बाजू 2020 साली आली. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची चाचणी झाली. गोळी घेणाऱ्यांकडे 34 टक्के आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांकडे 35 टक्के जोडप्यांना मूल झालं. उलट गोळी घेणाऱ्यांच्या शुक्राणूंमध्ये डीएनए तुटण्याचं प्रमाण थोडं जास्तच होतं. त्याच वर्षी 171 जोडप्यांवरच्या दुसऱ्या चाचणीत क आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम, लायकोपिन वगैरेंच्या मिश्र गोळीनेही फरक पडला नाही. या बातम्या वाचून "अँटिऑक्सिडंट म्हणजे थोतांड" असं म्हणणारे डॉक्टर मी पाहिलेत. मला तसं वाटत नाही. त्या चाचण्यांत पुरुष धातूच्या किंवा दारूच्या संपर्कावरून निवडले नव्हते. ज्याच्याकडे कमतरताच नाही त्याला भर घालून काय मिळणार? आणि शुक्राणूला अंड्यात शिरण्याच्या तयारीसाठी थोडीशी मुक्त मूलकं लागतातच. सगळीच विझवली तर तेही काम अडतं. म्हणून मूठमूठ गोळ्या खाणाऱ्यांना मी थांबवते.

चूर्णाच्या डब्यांबद्दल मात्र मी कडक आहे. बोस्टनमधल्या संशोधकांनी तिथल्या दुकानांतली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, निष्कर्ष 2004 मध्ये आले. 14 उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक. 2008 मध्ये इंटरनेटवरून घेतलेल्या 193 उत्पादनांत 20.7 टक्क्यांत हेच. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, माझ्या आजीचा आवळ्याचा मोरावळा मी अजून करते. पण शिशाने बिघडलेला काउंट सुधारायला शिसं असलेली भुकटी खायची, हे मला बघवत नाही. ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, ती बंद करा. जत्रेतलं शिलाजित, ओळखीच्या बाबांची पुडी, "भस्मयुक्त" वाजीकरण, सगळं बंद. घ्यायचंच तर वैद्यांना दाखवून, कुठल्या वनस्पतीचं काय प्रमाण आहे हे माहीत करून घ्या. हळदीबाबतही एक सांगते. बांगलादेशात हळकुंडांना पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट चोळलं जात होतं. 2019 मध्ये तिथल्या बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडलं. सरकारने धाडी घातल्या, जागृती केली आणि 2021 पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे ठरवलं तर थांबवता येतं. आपण हळदीच्या पेठेच्या जिल्ह्यात राहतो, चांगलं हळकुंड कसं दिसतं हे आपल्याला कळतं. हाताला रंग सोडणारं, डोळ्यांत भरणारं पिवळं हळकुंड घेऊ नका.

आता दारू. इथे मी हिशेबच मांडते, कारण "मी थोडीच घेतो" हे वाक्य सगळे म्हणतात. 180 मिलिलिटरची क्वार्टर, 42.8 टक्के अल्कोहोल. त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण 61 ग्रॅम. डेन्मार्कमध्ये एक युनिट 12 ग्रॅमचं धरतात, म्हणजे एका क्वार्टरमध्ये पाच युनिट. रोज क्वार्टर म्हणजे आठवड्याला 35. डेन्मार्कमध्येच 1,221 तरुणांवर केलेला अभ्यास 2014 मध्ये आला. आठवड्याला 40 युनिट घेणाऱ्यांच्या शुक्राणूंची घनता 1 ते 5 युनिट घेणाऱ्यांपेक्षा 33 टक्क्यांनी कमी होती. आपला "थोडी घेणारा" त्या टोकाच्या अगदी जवळ असतो. अल्कोहोल यकृतात फुटताना ॲसिटाल्डिहाइड आणि मुक्त मूलकं तयार होतात, टेस्टोस्टेरॉन घटतं, लघवीवाटे जस्त निघून जातं. धातू ज्या जस्ताची जागा बळकावतो तेच जस्त दारू बाहेर टाकते. दोन्ही एकाच माणसात असले की काय होतं, हे मी स्लाइडवर पाहिलंय.

त्यातल्या एकाबद्दल लिहिते, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. पस्तिशीच्या आतला, दक्षिणेत भट्टी, संध्याकाळी धूर उतरला की क्वार्टर. मिलिलिटरमागे 60 लाख शुक्राणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे. हालचालही मंद. दोन प्रकारची चूर्णं चालू होती. वहिनी बाजूला बसून ऐकत होत्या, त्यांच्या तीन वर्षांच्या फाइलमध्ये एकही दोष नव्हता. डॉक्टरांनी लघवीतलं कॅडमियम तपासायला सांगितलं, ते वाढलेलं निघालं. मी त्याला कागदावर काढून दाखवलं: भट्टीवर धूर ओढून घेणारं धुराडं आणि पंखा, त्याचं तोंड रस्त्याकडे नाही तर छतावर. धातूच्या धुरासाठी बनवलेला मास्क. कामाचे कपडे तिथेच बदलायचे. जेवण दुसऱ्या खोलीत. सिगारेट आणि क्वार्टर दोन्ही बंद. चूर्णं बंद. खर्चाबद्दल त्याने कुरकुर केली, तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "माझ्या इंजेक्शनांना किती गेले ते मोजलेत का?"

चार-पाच महिन्यांनी रिपोर्ट 1 कोटी 30 लाखांवर होता आणि हालचाल जवळजवळ दुप्पट. मर्यादेपर्यंत पोचला नाही. दोन नमुन्यांत तसाही फरक पडतो, आणि एका माणसावरून कशाला किती श्रेय ते वाटून देता येत नाही. पण डॉक्टर जे उपचार आधी करू शकत नव्हते ते आता करता आले.

खाण्याबद्दल मी त्याला जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. उपाशीपोटी भट्टीवर किंवा बॅटरीवर बसू नका, रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं. शरीरात कॅल्शियम आणि लोह कमी असेल तरीही जास्त शोषलं जातं, म्हणून नाचणीची भाकरी, दूध-दही, पालेभाज्या, वर लिंबू. पेरूच्या दिवसांत रोज पेरू, थंडीत आवळा, कच्चा किंवा मिठात घातलेला. शेवग्याचा पाला. जवसाची चटणी, अक्रोड परवडले तर. तीळ आणि डाळींमधून जस्त मिळतं. महागडं यात जवळजवळ काहीच नाही.

आणि घाई नको. शुक्राणू तयार व्हायला साधारण 64 ते 74 दिवस लागतात, पुढे नळीतून प्रवास करत पक्व व्हायला आणखी दोन आठवडे. आज तुम्ही ज्या शुक्राणूंचा नमुना देता ते अडीच-तीन महिन्यांपूर्वी घडायला सुरुवात झालेले असतात. महिनाभर आवळ्याचा रस घेऊन परत तपासायला येणारे निराश होतात ते यामुळे. आमच्याकडे पुष्कळ जण श्रावण पाळतात, महिनाभर दारूला शिवत नाहीत. तो श्रावण दिवाळीपर्यंत लांबवा. गणपती, दसरा, सगळं त्यातच घ्या, भट्टीचं धुराडं त्याच दिवसांत बसवून घ्या. मग दिवाळीला गावी याल तेव्हा दोन ते सात दिवसांचं अंतर राखून नमुना द्या, आणि येताना चूर्णाची डबी सोबत आणा, फॉर्मवर व्यवसाय नीट लिहा: गलाई, स्वतः भट्टीवर.